भांडण दोघा भावांचं, राजीनामा तुमचा का?

प्रश्न: ताई, मी ३७ वर्षांची आहे. लालबागला चाळीत १८० चौरस फुटांच्या खोलीत राहते. लोअर परळच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, हातात २४ हजार येतात, नोकरीला सव्वाचार वर्षं झाली. खोलीची भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर. ते तीन वर्षांपूर्वी गेले. मग चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आणि यांचं आणि धाकट्या दिरांचं बिनसलं. दीर-जाऊ कधीच बदलापूरला राहायला गेलेत, पण आता अर्धा हिस्सा मागतात. प्रकरण कोर्टात आहे. सासूबाई त्यांची बाजू घेतात. गेल्या वर्षी चिडून तिकडे गेल्या त्या आल्याच नाहीत. यंदा घरचा गणपतीही दिरांनी बदलापूरलाच बसवला.

वकिलाच्या फीसाठी माझ्या माहेरच्या पाटल्या गहाण ठेवून १ लाख ४० हजार उचलले. महिन्याला १४०० रुपये व्याज जातं. ‘दोन महिन्यांत सोडवतो’ म्हणाले होते, त्याला १४ महिने झाले. मागच्या वर्षी मला अंधेरीच्या शाखेत वरची जागा देत होते, पगार ९ हजारांनी वाढला असता. पण मुलगी सातवीत आहे, ती शाळेतून आली की घरी कोणी नाही, म्हणून नाही म्हटलं. जाऊ, मी आणि चाळीतल्या दोघी मिळून दिवाळीचा फराळ करायचो, माझ्या वाट्याला ३५ हजार सुटायचे. दोन दिवाळ्या तेही बंद. भिशी जाऊच चालवायची, ती मोडली. चाळीत अर्ध्या बायका आमच्या बाजूने, अर्ध्या त्यांच्या. हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही.

यांची दोन आठवडे पहिली पाळी, दोन आठवडे दुसरी. मारहाण वगैरे काही नाही. पण म्हणतात, तू नोकरी सोड, घरी थांब, म्हणजे आई परत येईल, घरात शांतता येईल. सासूबाई नेहमी ऐकवायच्या की गिरणी बंद पडली तेव्हा मी खाणावळ चालवून घर राखलं, तुला एक पोर सांभाळून नोकरी जमत नाही. माहेरी भावाला हक्कसोड करून दिलंय, आता तिथे कुठल्या तोंडाने रडू? माझं एटीएम यांच्याकडेच असतं, ते पहिल्यापासूनच, त्याबद्दल तक्रार नाही. ताई, भांडण मिटेपर्यंत नोकरी सोडू का?
— एक वाचक, लालबाग

सप्रेम नमस्कार,

उत्तर आधी देऊन टाकते: नोकरी सोडू नका. अंधेरीची जागा अजून भरली नसेल तर ती मागून घ्या. का आणि कसं, ते आता सविस्तर लिहिते.

तुम्ही हिशेबातल्या आहात, म्हणून तुमच्याच पत्रातले आकडे एका कागदावर मांडले. अंधेरीला नाही म्हटल्याला वर्ष झालं, महिना ९ हजार धरले तर १ लाख ८ हजार. दोन दिवाळ्यांचा फराळ ७० हजार. पाटल्यांवरचं १४ महिन्यांचं व्याज १९ हजार ६००. बेरीज होते १ लाख ९७ हजार ६०० रुपये. यात पाटल्या धरलेल्या नाहीत, भिशी धरलेली नाही.

आता दुसऱ्या कागदावर तुमच्या मिस्टरांचं आणि दिरांचं काय गेलं ते मांडून पाहा. वकिलाची फी त्यांनाही पडली असेल, मनस्तापही असेल. पण तुमच्या मिस्टरांची पाळी चालू आहे, पगार चालू आहे. भावाशी भांडण झालं म्हणून बढती नाकारायची वेळ त्यांच्यावर आली नाही. खोलीवर तुम्ही हक्क सांगितलेला नाही, कोर्टाच्या कागदांवर तुमचं नावही नसेल, आणि तरी या भांडणाचा सगळ्यात मोठा खर्च तुमच्या खिशातून झाला. बरं, तो खर्च कोणी लिहूनही ठेवलेला नाही. न मिळालेला पगार, न केलेला फराळ हे कुठल्या वहीत चढत नाही, म्हणून घरात ते कोणाला दिसत नाही. तुम्हालाही दिसलं नव्हतं. तुम्ही ते एकेका वाक्यात, जाता जाता लिहून टाकलंय.

मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटली. सासूबाई घरी होत्या म्हणून तुमची नोकरी चालत होती. जाऊबाई भागीदार होत्या म्हणून फराळाचा धंदा चालत होता. भिशी त्यांच्याच हातात होती. अडीनडीची ठेव म्हणजे माहेरच्या पाटल्या, आणि गिऱ्हाईक म्हणजे चाळीतली, ओळखीपाळखीची घरं. मूल सांभाळायची सोय, भांडवल, कर्ज, भागीदार आणि बाजार हे सगळं एकाच कुटुंबाच्या आधाराने उभं होतं. आपल्याकडच्या बहुतेक बायकांचं असंच असतं. पुरुषाचं घरात कितीही वाजलं तरी त्याचं ऑफिस, त्याची युनियन, त्याची पतपेढी वेगळ्या जागी शाबूत राहते. बाईच्या बाबतीत दोन भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले की तिचं दुकान, बँक आणि पाळणाघर एकाच दिवशी बंद होतं. भिशीला तर कागदही नसतो, नुसता विश्वास असतो. तो गेला की दाद मागायची तरी कुठे?

शहरांतल्या १५ वर्षांवरच्या बायकांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायका २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीत २८ टक्के निघाल्या. याची कारणं पुष्कळ आहेत, सगळा दोष घरगुती भांडणांना देता येणार नाही. पण ‘घरात जरा शांतता येऊ दे, मग बघू’ या वाक्यावर किती बायकांच्या नोकऱ्या थांबल्या असतील, याची नोंद कुठलीही पाहणी घेत नाही.

‘भांडण मिटेपर्यंत’ असं तुम्ही लिहिता. मुंबईतल्या खोलीचा दावा कधी मिटेल, हे तुमचे वकीलही तारीख टाकून सांगू शकणार नाहीत. समजा तीन वर्षं लागली. २४ हजारांच्या हिशेबाने ८ लाख ६४ हजार रुपये होतात. शिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कायम नोकरीत सलग ५ वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार धरला जातो. तुमची सव्वाचार झालीत. आज राजीनामा दिलात तर हाताशी आलेल्या पैशांवर पाणी सोडाल. आणि तीन वर्षांनी चाळिशीत पुन्हा अर्ज कराल तेव्हा समोर टॅली आणि जीएसटीवर रोज हात चालणाऱ्या पंचविशीतल्या मुली असतील. तुम्ही त्यांच्यापेक्षा कमी नाही, पण मधल्या तीन वर्षांचा खुलासा तुम्हालाच द्यावा लागेल.

आता मुलीचं. तिची काळजी खरी आहे आणि ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. पण ती १२ वर्षांची आहे, आणि उत्तर तुमच्याच पत्रात आहे. मिस्टरांची दोन आठवडे पहिली पाळी असते, म्हणजे त्या दिवसांत मुलगी शाळेतून येते त्या सुमाराला तेही घरी येत असणार. मग महिन्यातले अर्धे दिवस प्रश्न सुटलेलाच आहे, फक्त तो बापाने सोडवायचा आहे. उरलेल्या दोन आठवड्यांसाठी चाळीतल्या किंवा शाळेजवळच्या एखाद्या विश्वासाच्या बाईंना महिन्याचे पैसे ठरवून द्या, किंवा संध्याकाळचा क्लास लावा. हे ‘उपकार’ म्हणून मागू नका, पैसे देऊन ठरवा. चाळीत आज दोन बाजू पडल्या आहेत, उद्या कोणी फिरलं तर फुकटची सोय पुन्हा मोडेल. वाढीव ९ हजारांतले दोन-अडीच हजार यावर गेले तरी चालतील. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. तुमच्या मिस्टरांनी महिन्यातले पंधरा दिवस मुलीला खायला देऊन अभ्यासाला बसवलं तर ते काही जगावेगळं करणार नाहीत.

प्रवास वाढेल, हे खरं. आत्ता तुम्ही बहुधा चालत किंवा शेअर टॅक्सीने जाता. अंधेरीला जायचं म्हणजे करी रोड किंवा चिंचपोकळीहून दादर, तिथे पूल चढून पश्चिम रेल्वेवर. थकवा येईल. पण याच प्रवासात एक गोष्ट अशी मिळते जी तुम्हाला आज हवी आहे: तुमच्या घराशी, चाळीशी, त्या खोलीशी काही देणंघेणं नसलेल्या बायका. लेडीज डब्यात रोज भेटणाऱ्या बायकांचे गट किती घट्ट होतात हे मुंबईत कोणाला सांगायला नको. तिथे डोहाळजेवणं होतात, हळदीकुंकू होतं, भिशी चालते, चकलीच्या ऑर्डरीही घेतल्या जातात. चाळीतलं हळदीकुंकू बंद झाल्याचं दुःख त्याने भरून निघणार नाही, ते मी म्हणतही नाही. पण तुमचं माणसांत असणं एकाच मजल्यावर अवलंबून राहायला नको.

एटीएम कार्डाबद्दल तुम्ही लिहिलंय की तक्रार नाही. मला आहे. पगार तुमचा, खातं तुमचं, आणि कार्ड दुसऱ्याच्या पाकिटात. पहिल्यापासून आहे म्हणून ते बरोबर होत नाही. मिस्टरांचा हेतू वाईट असेल असं मी समजत नाही. अनेक घरांत लग्नानंतर पहिल्या पगाराला जे सुरू होतं ते कोणी विचारतच नाही. तरी या आठवड्यात कार्ड मागून घ्या. बँकेत जाऊन मोबाइल नंबर तुमचाच नोंदलेला आहे ना ते पाहा. घरखर्चाला किती द्यायचे ते ठरवा आणि पगाराच्या दिवशी तेवढे तुम्ही स्वतः त्यांच्या खात्यात पाठवा. भांडायची गरज नाही. ‘अंधेरीला जायचं तर कार्ड जवळ लागेल’ एवढं वाक्य पुरेल. त्यावर घरात फार मोठा स्फोट झाला, तर मात्र ती गोष्ट कार्डाची नाही असं समजा आणि मला लगेच लिहा.

पाटल्या माहेरच्या आहेत, म्हणजे त्या तुमचं स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं की स्त्रीधनाची मालकी एकट्या बाईची, नवरा किंवा सासर ते नुसतं सांभाळतं. एप्रिल २०२४ मध्येही न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं: अडचणीत नवऱ्याने ते वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करणं हे त्याचं नैतिक कर्तव्य आहे. हे मी तुम्हाला कोर्टात पाठवण्यासाठी सांगत नाही. घरात बोलताना पाय जमिनीवर घट्ट असावेत म्हणून सांगते. आधी गहाणाची पावती हातात घ्या. ती कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, नूतनीकरण झालंय का, आणि सूचना कोणाच्या मोबाइलवर येतात, हे चारही बघा. मुदत उलटली आणि नोटीस कोणी वाचलीच नाही तर दागिना लिलावात जातो, आणि घरच्यांना ते नंतर कळतं. नुसतं व्याज भरत राहिलात तर मुद्दल जिथल्या तिथे राहणार. अंधेरीची जागा मिळाली तर क्लासचे पैसे जाऊन जे उरतील त्यातला ठरावीक भाग मुद्दलात घाला, आणि तेवढाच भाग मिस्टरांनीही घालायचा असं ठरवा. फी त्यांच्या दाव्याची आहे.

आता सासूबाई. त्यांच्यावर तुम्ही रागावलेल्या आहात, आणि तो राग मला कळतो. कळतं म्हणूनच त्यांची एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि पुष्कळांना पुन्हा कामावर जाताच आलं नाही. त्यानंतरची वर्षं गिरणगाव बायकांनी चालवलं. कोणी डबे केले, कोणी पापड लाटले, कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी धुणीभांडी धरली. खाणावळी तर त्याआधीपासून होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच भागातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, कारण या बायका सावकाराच्या व्याजाखाली पिचत होत्या आणि त्यांना बँकेपर्यंत नेणारं कोणी नव्हतं. तुमच्या सासूबाई त्याच परंपरेतल्या. ‘मी खाणावळ चालवून घर राखलं’ हे त्या टोमणा म्हणून मारत असतील, पण ते खरं आहे. ज्या खोलीवरून दोन भाऊ कोर्टात उभे आहेत, तिचं भाडं त्या काळात कोणाच्या पोळ्यांवर गेलं असेल? आणि पावतीवर त्यांचं नाव नाही. मुलांनी दावा लावला तेव्हा त्यांना कोणी विचारलं का? तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, म्हणून मला शंका आहे की कोणीच विचारलं नसावं. ज्या बाईला कागदावर जागा नाही, तिला कोणातरी एका मुलाची बाजू घ्यावीच लागते, कारण म्हातारपणी ती कोणाच्या तरी घरात राहणार असते.

त्या खोलीवर सासूबाईंचाही हक्क आहे, याला कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधल्या ‘भाडेकरू’च्या व्याख्येत असं आहे की भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू होते. तसं कोणी राहत नसेल तरच इतर वारसांचा प्रश्न येतो, आणि एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. तुमचे सासरे गेले तेव्हा त्यांच्यासोबत कोण राहत होतं? तुमचे मिस्टर, आणि सासूबाई. म्हणजे ही लढाई दोन भावांचीच आहे असं मानणं मुळातच अपुरं आहे. मिस्टरांच्या वकिलांना हा प्रश्न विचारायला सांगा: दोन्ही मुलांच्या लेखी संमतीने सासूबाईंचं नाव पावतीवर आलं, आणि दिरांना नेमकं किती, कधी, कशातून द्यायचं हे त्याच समझोत्यात लिहिलं, तर दाव्यात उरतं काय? एका पावतीमागे नवं घर एकच मिळणार. कितीही वर्षं लढले तरी त्याची दोन होणार नाहीत. हा वाद मध्यस्थीतून किंवा लोकअदालतीत मिटवता येतो. लोकअदालतीतला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेलं कोर्ट शुल्क परत मिळतं. मिस्टर याला तयार होतील की नाही ते सांगता येत नाही. पण तुमच्या नोकरीपेक्षा या प्रस्तावाने घरात शांतता येण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. सासूबाई तुमच्या नोकरीमुळे गेल्या नाहीत. तुम्ही घरी बसल्याने त्या येणारही नाहीत.

त्यांना फोन करा. खोलीबद्दल अवाक्षर काढू नका. नातीला बोलू द्या. आजी-नातीचं बोलणं बंद करायचा अधिकार त्या दाव्याला कोणी दिलेला नाही.

नवं घर होईल तेव्हाचं एक आत्ताच सांगून ठेवते. वाढीव क्षेत्रफळाला, नोंदणीला किंवा दिरांना द्यायला तुमच्या पगारातला पैसा जाणार असेल तर करारनाम्यावर तुमचं नाव यायला हवं. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याची पद्धत आहे. चाळीच्या बाबतीत मात्र आपण तोंड उघडून मागावं लागतं. अर्थतज्ज्ञ बिना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या नावावर ना घर होतं ना जमीन, त्यांतल्या ४९ टक्के जणींनी नवऱ्याचा मार सोसला होता. दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. तुमच्या घरात मारहाण नाही, ती कधी होऊही नये. पण कागदावरचं नाव बाईच्या घरातल्या स्थानाला किती वजन देतं हे त्या आकड्यांवरून कळतं.

मिस्टरांशी बोलण्याबद्दल. पहिल्या पाळीच्या आठवड्यात, दोघं जागे आणि जेवलेले असताना, तो हिशेबाचा कागद पुढे ठेवा. ‘तुमच्यामुळे’ हा शब्द तोंडून येऊ देऊ नका, नुसते आकडे वाचा. मला वाटतं, हा माणूस घाबरलेला आहे. भाऊ गेला, आई गेली, घरचा गणपतीसुद्धा गेला. मोठ्या मुलाला हे केवढं लागलं असेल! बायको तरी घरात दिसावी, असं त्याला वाटत असणार. त्या दुःखाला जवळ घ्या, पण त्याची किंमत म्हणून नोकरी देऊ नका.

आणि समजा ते ऐकेनासे झाले, पगार काढून घेऊ लागले, कामावर जाऊ देईनात, तर ती घरातली कुरबूर राहत नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळ हा हिंसाचारच धरलाय. त्या कायद्याखालच्या तक्रारीच्या नमुन्यात नोकरी करू न देणं, पगार काढून घेणं हे स्वतंत्र लिहिलेलं आहे. १८१ हा महिला मदत क्रमांक लक्षात ठेवा. मुंबई पोलिसांबरोबर १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष काम करतो. तिथल्या समाजसेविका आधी ऐकून घेतात, मार्ग दाखवतात, थेट गुन्हाच नोंदवायला लावत नाहीत. पालिकेच्या काही रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्रं आहेत, त्यातलं पहिलं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात निघालं. आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. पुन्हा कधी वकील लागला तर पाटल्या काढायची गरज नाही.

माहेराबद्दल एकच. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून, आणि तरी हक्कसोडाच्या कागदावर बहिणींच्या सह्या होतच राहतात, माहेर टिकावं म्हणून. तुम्हीही त्यासाठीच सही केली असेल. मग ते माहेर वापरा! भावाकडे पैसे मागायला जाऊ नका, दोन दिवस राहायला जा, मुलीला घेऊन. ज्याच्यासाठी एवढं सोडलं त्याच्याशी बोलताना मान खाली घालायचं कारण तुम्हाला नाही.

राहिली जाऊ. तिचेही दोन दिवाळ्यांचे पैसे बुडालेत, हे तुमच्या लक्षात आलंय का? बदलापूरला बसून तिचाही फराळाचा धंदा बंद आहे, आणि तिलाही घरात कोणी ते मोजून दाखवलं नसेल. तिला साधा मेसेज करा: ‘त्यांचं कोर्टात चालू दे. पुढच्या दिवाळीला ऑर्डरी घ्यायच्या का? तू तिकडच्या घे, मी इकडच्या घेते.’ पीठ, तेल, भाजणीचा खर्च आणि वाटा या वेळी वहीत लिहून ठेवा, दोघींच्या सह्यांनिशी. ती नाही म्हणेल कदाचित. मग चाळीतल्या त्या दोघींना विचारा, आणि त्याही नाही म्हणाल्या तर छोट्या प्रमाणावर, नुसती भाजणी आणि बेसनाचे लाडू एवढंच, अंधेरीच्या डब्यातून सुरू करा.

सोमवारी मात्र पहिलं काम ऑफिसचं. साहेबांना तोंडी सांगू नका, ईमेल करा. मागच्या वर्षी घरच्या अडचणीमुळे नाही म्हणाले होते, आता सोय झाली आहे, ती किंवा तशी जागा असेल तर माझा विचार व्हावा, एवढ्या तीन-चार ओळी. घरचं सगळं सांगत बसू नका. मुलीच्या दोन आठवड्यांची सोय आधी लागू दे मग लिहीन, असं करू नका. आधी लिहा, उत्तर यायला जे दिवस लागतील त्यात सोय लागते.

उत्तर काय आलं ते कळवा. पाटल्यांची पावती कोणाच्या नावावर निघाली तेही लिहा, कारण पुढे काय करायचं ते त्यावर ठरेल.